डोळ्याची बाहुली आणि उणे ७०

आयसीयूत नाइट असली की दर तासाला एक काम ठरलेलं. टॉर्च घ्यायचा, पेशंटची पापणी वर करायची, उजेड टाकायचा, बाहुली आकसते का पाहायचं. मग दुसरा डोळा. चार्टवर आकार मिलिमीटरमध्ये लिहायचा, शिवाय आकसणं झटपट होतं की मंद तेही. एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसली आणि उजेडाला दाद देईनाशी झाली, तर हातातलं सगळं टाकून डॉक्टरांना फोन. अठरा वर्षं मी हे करते आहे. फोन वेळेवर केले आहेत. पण मेंदूत रक्तस्राव झाल्यावर डोळ्याची बाहुली का मोठी व्हावी, हे मला गेल्या वर्षापर्यंत सांगता आलं नसतं. ‘प्रेशर वाढतं म्हणून’ एवढंच माझं उत्तर होतं, आणि शिकायला येणाऱ्या मुलींनाही मी तेवढंच सांगत आले.

म्हणून पुन्हा अभ्यासाला बसले. बहुतेक वेळा नाइट संपवून आल्यावर, झोपण्याआधीचा एक तास. मला हवी होती न्यूरोॲनाटॉमी: कुठली नस कुठून निघते, कुठल्या भागाकडे कुठलं काम. पुस्तकाची सुरुवात मात्र पेशीपटलापासून होती. सोडियम, पोटॅशियम, मिलिव्होल्ट. नर्सिंगच्या पहिल्या वर्षी हे पाठ करून लिहिलं होतं आणि परीक्षेबरोबर विसरलेही होते. ती पानं उलटून मी थेट मेंदूच्या चित्रांवर गेले, आणि दोन आठवड्यांत मुकाट्याने मागे आले. नसा कुठून कुठे जातात ते दिसत होतं, त्यांच्यातून काय जातं ते कळत नव्हतं.

पेशीपटल म्हणजे चरबीच्या रेणूंचा दुपदरी पापुद्रा. प्रत्येक रेणूचं डोकं पाण्याकडे ओढ घेणारं, शेपट्या पाण्यापासून पळणाऱ्या. त्यामुळे डोकी दोन्ही बाहेरच्या अंगांना आणि शेपट्या मधे, अशी ती रचना आपोआप होते. १९२५ साली गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोघांनी तांबड्या पेशींमधली चरबी काढून पाण्यावर पसरली, तेव्हा तिने पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा व्यापली. दुप्पट, म्हणजे थर दोन. गंमत अशी की त्यांच्या मोजमापात दोन चुका होत्या. चरबी पूर्ण निघाली नव्हती, आणि पेशींचं क्षेत्रफळही कमी धरलं गेलं होतं. दोन चुकांनी एकमेकींना खोडलं आणि उत्तर बरोबर आलं. 

या पापुद्र्याची जाडी साधारण ५ नॅनोमीटर. त्याच्या दोन बाजूंमध्ये ७० मिलिव्होल्टचा फरक, आतली बाजू उणे. ७० मिलिव्होल्ट म्हणजे अगदीच किरकोळ, असं मला वाटलं होतं. पण ५ नॅनोमीटरवर ७० मिलिव्होल्ट हा हिशेब मीटरमागे मांडून पाहिला तर १ कोटी ४० लाख व्होल्ट होतात. हवेत मीटरमागे ३० लाखांच्या आसपास ठिणगी पडते. बेडवर निपचित पडलेल्या माणसाच्या एकेका चेतापेशीभोवती एवढा ताण धरलेला असतो. हे वाचलं त्या सकाळी मला बराच वेळ झोप लागली नाही.

हे व्होल्टेज येतं कुठून? माझी समजूत होती, पंपामुळे. पेशीपटलातला सोडियम-पोटॅशियम पंप दर फेरीला एक एटीपी (पेशीचं इंधन) खर्चून तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. तीन बाहेर, दोन आत, म्हणजे एक धन भार जास्तीचा बाहेर गेला; झालं आत उणे. माझा भाचा फिजिक्स शिकतो, त्याला मी मोठ्या विश्वासाने हे समजावून सांगितलं.

“मावशी, पंप थोडा वेळ बाजूला ठेव,” तो म्हणाला. “मधे नुसता पडदा आहे. आत पोटॅशियम लिटरमागे १४० मिलिमोल, बाहेर ४. पडद्याला भोकं आहेत, पण त्यातून फक्त पोटॅशियम जातं. काय होईल?”

“बाहेर येईल.”

“सगळं?”

हो म्हणता म्हणता थांबले. पोटॅशियम धन भार घेऊन बाहेर पडतं. आतल्या प्रथिनांचे, फॉस्फेटचे ऋण भार मात्र त्या भोकातून जाऊ शकत नाहीत, ते मागे राहतात. म्हणजे पोटॅशियम जसजसं बाहेर पडेल तसतसं आत उणे वाढणार, आणि तेच उणे पुढच्या पोटॅशियमला मागे ओढणार. कधीतरी दोन्ही ओढी सारख्या होणार आणि पोटॅशियमचं जाणं-येणं समसमान होणार.

“कधी ते काढता येतं,” म्हणत त्याने नर्न्स्टचं समीकरण लिहिलं. शरीराच्या तापमानाला ते फार सोपं होतं: आत आणि बाहेरच्या प्रमाणाचा लॉग घ्यायचा, ६१.५ ने गुणायचं. १४० भागिले ४ म्हणजे ३५, त्याचा लॉग १.५४, उत्तर ९५; पोटॅशियमसाठी उणे ९५ मिलिव्होल्ट. सोडियमचं मी स्वतः काढलं. बाहेर १४५, आत १२, उत्तर अधिक ६७. पेशी शांत असताना पोटॅशियमची बरीच दारं उघडी असतात आणि सोडियमची जवळजवळ बंद. म्हणून पेशीचा आकडा पोटॅशियमच्या आकड्याजवळ राहतो, सोडियमच्या थोड्याशा झिरपण्याने जरा वर सरकतो, आणि चेतापेशीत उणे ७० च्या आसपास टेकतो. पंपाचा थेट हातभार फक्त काही मिलिव्होल्टचा. त्याच्याकडे आहे ती आतली-बाहेरची तफावत राखण्याची जबाबदारी, आणि ती तो क्षणभरही सोडत नाही. हा पंप येन्स स्कोऊ यांनी १९५७ साली खेकड्याच्या पायातल्या नसांवर काम करताना ओळखला. नोबेल मिळालं १९९७ मध्ये, चाळीस वर्षांनी.

माझी आणखी एक समजूत त्याच संध्याकाळी गेली. मला वाटायचं, संदेश जाताना सोडियम धो धो आत शिरत असेल आणि पेशी रिकामी-भरती होत असेल. आम्ही हिशेब केला. २० मायक्रोमीटर व्यासाची गोल पेशी धरली. तिचं व्होल्टेज १०० मिलिव्होल्टने बदलायला सुमारे ८० लाख आयन (भार असलेले कण) लागतात. त्या पेशीच्या आत पोटॅशियमचे आयन किती? जवळपास ३५० अब्ज. चाळीस हजारांत एखादा इकडचा तिकडे झाला की संदेश उमटतो. प्रत्यक्षात सोडियम येणं आणि पोटॅशियम जाणं काही वेळ एकत्र चालतं म्हणून आकडा याहून मोठा असतो, तरी साठ्याच्या मानाने तो नगण्यच.

आता माझ्या कामावर येते. सीरम पोटॅशियम ७ आलं की आमच्याकडे धावपळ होते. किडनी बंद पडलेला पेशंट, ईसीजीत टी वेव्ह टोकदार उंच, मग क्यूआरएस, म्हणजे ठोक्याची मधली मोठी खूण, रुंद व्हायला लागतो. पहिलं इंजेक्शन कॅल्शियम ग्लुकोनेट, मॉनिटरवर नजर ठेवून सावकाश. मग इन्सुलिन आणि ग्लुकोज. हे मी कितीदा केलं असेल याची मोजदाद नाही. एकदा एका नव्या मुलीने विचारलं होतं, “सिस्टर, पोटॅशियम जास्त आहे तर कॅल्शियम का देतोय? त्याने पोटॅशियम उतरतं का?” मी म्हणाले, “हार्टला प्रोटेक्ट करतं.” तिने मान डोलावली. तो प्रश्न मात्र माझ्याजवळ राहिला.

त्या संध्याकाळी भाचा गेल्यावर मी ४ च्या जागी ७ घालून पाहिले. १४० भागिले ७ म्हणजे २०. लॉग १.३. उत्तर उणे ८०. उणे ९५ वरून उणे ८०! रक्तातला आकडा ४ चा ७ होतो आणि पोटॅशियमचा तोल १५ मिलिव्होल्टने वर सरकतो. हृदयाच्या स्नायूपेशी विश्रांतीत पोटॅशियमच्या आकड्याला अगदी चिकटून असतात, त्यामुळे त्यांची विश्रांतीची पातळीही वर येते. वर येऊन तिथेच राहिली की सोडियमच्या दारांतली बरीचशी निकामी अवस्थेत अडकतात, पुन्हा उघडायला तयारच होत नाहीत. संदेश रेंगाळत पुढे जातो. ईसीजीवर तोच रुंद क्यूआरएस. ज्या पट्टीकडे मी इतकी वर्षं धसक्याने पाहत आले, तिच्यातली रुंदी म्हणजे बंद पडलेली सोडियमची दारं आहेत.

आणि कॅल्शियम पोटॅशियमला हातच लावत नाही. पुस्तकातलं स्पष्टीकरण असं आहे: कॅल्शियमचे दुहेरी धन भार पटलाच्या बाहेरच्या अंगाला गोळा होतात, त्यामुळे दारं उघडण्याची पातळीही वर सरकते आणि विश्रांती व ती पातळी यांतलं अंतर पुन्हा पहिल्यासारखं होतं. काही मिनिटांत गुण दिसतो, पण तो अर्धा-पाऊण तासच टिकतो. तेवढ्या वेळात इन्सुलिनने आपलं काम करायचं. इन्सुलिन पंपाला जोर देतं, पोटॅशियम पेशींच्या आत ढकललं जातं. शरीरातलं ९८ टक्के पोटॅशियम नाहीतरी पेशींच्या आतच असतं, आपण रक्तात मोजतो तो उरलेला कोपरा. त्या मुलीने आता दुसरीकडे काम धरलं आहे. तिला मी हे सगळं लिहून पाठवलं.

संदेश कसा पळतो ते मी आधी उरकून टाकणार होते, पण हॉजकिन आणि हक्सली या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांजवळ थांबावंच लागलं. माखलीच्या जातीतल्या स्क्विडच्या शरीरात एक अवाढव्य तंतू असतो, अर्धा ते एक मिलिमीटर जाड, नुसत्या डोळ्यांना दिसणारा. १९३९ साली त्यांनी त्याच्या आत लांबीच्या दिशेने बारीक इलेक्ट्रोड सरकवला. तोवरच्या समजुतीप्रमाणे संदेशाच्या वेळी व्होल्टेज शून्यापर्यंत यायला हवं होतं. ते शून्य ओलांडून अधिकमध्ये गेलं. याचा अर्थ लावायच्या आतच महायुद्ध सुरू झालं आणि काम वर्षानुवर्षं पडून राहिलं. १९५२ मध्ये त्यांनी सगळं मांडलं: आधी सोडियमची दारं उघडतात, मिलिसेकंदाच्या आत मिटतात, मागाहून पोटॅशियमची उघडतात. हक्सली यांनी ती समीकरणं हाताने फिरवायच्या यंत्रावर सोडवली. व्होल्टेज अधिककडे का गेलं, हे मला आता आकड्यातच दिसतं: सोडियमचं अधिक ६७ त्याला तिकडे बोलावत असतं.

आता ॲनाटॉमी. ही मला वाचून येत नाही, काढून येते. लाल पेन्सिल हालचालीच्या मार्गाला, निळी स्पर्शाला, हिरवी वेदना आणि तापमानाला. तिन्ही मार्ग शरीराची बाजू बदलतात, आणि सगळा घोळ बाजू कुठे बदलते त्याचा. लाल रेघ मेंदूच्या पृष्ठभागावरून निघते, मध्यमेंदूच्या पुढच्या जाड खांबातून उतरते आणि मेंदू स्पायनल कॉर्डला मिळतो त्या मेडुलाच्या खालच्या टोकाला पोचल्यावर तिचे बहुतेक तंतू पलीकडे जातात. निळी पायापासून मेडुलापर्यंत आपल्याच बाजूने चढते, तिथे ओलांडते. हिरवी तेवढी वाट पाहत नाही, स्पायनल कॉर्डमध्ये शिरल्यावर जवळच ओलांडते. म्हणून कॉर्डची एकच बाजू कापली गेली तर त्याच बाजूच्या पायाची ताकद आणि स्पर्शाची बारीक जाण जाते, पण टोचलेलं कळत नाही ते दुसऱ्या पायाला. ब्राउन-सेकार यांचं नाव या लक्षणसमूहाला आहे. हे मी तीनदा वाचलं होतं, तिन्ही वेळा निसटलं. तीन रंगांत एकदा काढलं आणि बसलं.

थेट मेंदूतून निघणाऱ्या बारा क्रेनियल नर्व्ह्जमध्ये फार वेळ घालवला नाही. चौथी तेवढी ब्रेनस्टेमच्या, म्हणजे मेंदूच्या देठाच्या, मागून निघते, बाकी कुठलीच नाही, एवढं लक्षात ठेवलं. भागांच्या नावांनी मात्र लळा लावला. हिप्पोकॅम्पस म्हणजे समुद्रघोडा, ॲमिग्डाला म्हणजे बदाम, अंकस म्हणजे आकडा, गळाला असतो तसा. नावं ठेवणाऱ्यांना त्या भागांचं काम ठाऊक नव्हतं, हातात आलेला आकार होता. त्यातला हा अंकस, कानाच्या पातळीवरच्या टेम्पोरल लोबच्या आतल्या कडेचा वळलेला तुकडा, माझ्या टॉर्चपर्यंत येऊन पोचला.

त्याचं असं आहे. उजेड डोळ्यात शिरतो, दुसऱ्या नर्व्हने मध्यमेंदूपर्यंत जातो. तिथून दोन्ही बाजूंना निरोप जातो, म्हणून एका डोळ्यात टॉर्च मारला तरी दोन्ही बाहुल्या आकसतात. परतीचा निरोप तिसऱ्या नर्व्हमधून. या तिसऱ्या नर्व्हमध्ये डोळा हलवणारे तंतू आतल्या बाजूला असतात आणि बाहुली आकसणारे तंतू बाहेरच्या अंगाला, सालीसारखे. बाहेरून दाब आला की आधी साल चेपते. डायबेटिसमध्ये याच नर्व्हचा रक्तपुरवठा आतून कमी पडतो, तेव्हा पापणी पडते, डोळा वळत नाही, आणि बाहुली बहुधा ठीक राहते. एकच नर्व्ह, पण बाहुली वाचली की गेली त्यावरून दुखणं आतलं की बाहेरचं याचा अंदाज येतो.

आता दाब कुठून येतो? इथे मी पहिल्या प्रकरणाकडे परत गेले. रक्तपुरवठा थांबला की एटीपी संपतं, एटीपी संपलं की पंप थांबतो. मेंदू वजनाने शरीराच्या २ टक्के असून २० टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन वापरतो, आणि त्यातला मोठा हिस्सा हे पंप खातात. ते थांबले की आत झिरपलेलं सोडियम आतच राहतं, सोडियमच्या पाठोपाठ पाणी शिरतं, पेशी फुगते. एक नाही, तिच्या आसपासच्या सगळ्या. कवटी तर ताणत नाही. आधी मेंदूभोवतीचा द्रव आणि शिरांतलं रक्त जागा करून देतात, पण सगळा मिळून द्रवच १५० मिलिलिटर, तो किती जागा देणार? नंतर मेंदू स्वतः सरकतो. मोठा मेंदू आणि खालचा लहान मेंदू यांच्यामध्ये ड्युराची, म्हणजे मेंदूवरच्या जाड आवरणाची, एक ताठ घडी आहे, टेंटोरियम. तिच्या मधल्या फटीतून मध्यमेंदू खाली उतरतो. फुगलेल्या बाजूचा अंकस त्या फटीत उतरतो, शेजारून जाणारी तिसरी नर्व्ह दबते, साल आधी चेपते, आणि रात्री तीन वाजता माझ्या टॉर्चला बाहुली दाद देत नाही. पाच नॅनोमीटरच्या पडद्यावर सुरू झालेली गोष्ट मी चार्टवर मिलिमीटरमध्ये लिहीत होते.

त्याच दाबात मध्यमेंदूचा तो जाड खांबही सापडतो. लाल रेघ त्याच्यापुढे खाली जाऊन ओलांडते, म्हणून उजवी बाहुली मोठी असेल तर ताकद डाव्या हातापायातली जाते. पुस्तकात असं आहे, आणि बहुतेक पेशंटमध्ये मी असंच पाहिलं आहे.

एकामध्ये नाही. खूप वर्षांपूर्वीचा पेशंट, डोक्याला मार लागलेला. उजवी बाहुली मोठी, आणि उजवाच हात लुळा. मी तसं हँडओव्हरमध्ये सांगितलं, तेव्हा सीनियर म्हणाल्या, “बाजू चुकली असेल, परत बघ.” परत पाहिलं. उजवाच. स्कॅनमध्ये रक्ताची गाठही उजवीकडेच निघाली, म्हणजे बाहुली बरोबर होती आणि हात मला न जुळणारा होता. त्याला ऑपरेशनला नेलं आणि माझी ड्युटी संपली. मी बाजू चुकले नव्हते, पण ते कुणाला पटवता आलं नव्हतं, मलाही नाही.

परवा टेंटोरियमच्या पानावर खाली छोट्या अक्षरांत सापडलं. केर्नोहान आणि वोल्टमन, १९२९. उजवीकडची गाठ कधी मध्यमेंदूला असं आडवं ढकलते की त्याचा डावा खांब टेंटोरियमच्या पलीकडच्या धारदार कडेवर आपटतो आणि तिथे खाच पडते. दबलेला खांब डावा, म्हणून लुळा पडतो उजवा हात.

मी वही काढून ती आकृती काढली. उजवीकडे गाठ, तिच्यातून एक आडवा बाण. डाव्या कडेवर छोटी खाच. तिथून लाल पेन्सिल खाली नेली, मेडुलाशी पलीकडे वळवली आणि उजव्या हाताच्या बोटांपर्यंत आणून सोडली. कोपऱ्यात त्या रात्रीची तारीख टाकायची होती, ती आठवली नाही. बेड नंबर आठवत होता, तो लिहिला.